दादाचं नाक आणि लेकीची बिअर

माझ्या मुलीने औषधांच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून बिअरच्या कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा घरात सगळ्यात आधी प्रश्न पडला तो हा, की आगाशीच्या दादाला काय सांगायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मी बस डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्यभर माइकवर गाड्यांची नावं पुकारली आणि निवृत्त होऊन उमेळ्याच्या रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहायला लागलो. दादा मात्र आगाशीची वाडी सोडून कुठे गेला नाही. नारळ आहेत, थोडी भाजी आहे, पण त्याचा जीव केळ्यांत. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून तो सुकेळी करतो. आता ती करणारी घरं कमी उरली आहेत आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवतो.

दादा दारूला शिवत नाही. त्यामागे तत्त्वबित्त्व काही नाही. तरुणपणी कुणीतरी ग्लास पुढे केला, दादाने तो हुंगला आणि परत दिला, एवढंच. त्याचं सगळं नाकावर चालतं. तूप, खरबूज, सुकी मासळी, नव्या जावयाचं अत्तर, सगळं तो आधी हुंगतो आणि मग बोलतो. केळी पिकत घातलेल्या खोलीचं दार उघडायच्या आधी ओटीवरूनच सांगतो, की आतला कोणता लोंगर उद्या काढायचा. लोंगर म्हणजे आमच्याकडे केळ्यांचा अख्खा घड.

मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. नोकरी बदलल्याचं तिने जेवताना सांगितलं.

"म्हणजे नक्की काय करणार तू?" मी विचारलं.

"तेच, जे आत्तापर्यंत करत होते. जंतू सांभाळणार. आधी ते मरावेत म्हणून धडपडायचे, आता ते मजेत जगावेत म्हणून धडपडायचं."

बायकोने फक्त एवढंच विचारलं, "तिथे बसायला खुर्ची आहे का? आधीच्या कंपनीत तुझी पाठ धरायची." खुर्ची आहे म्हटल्यावर तिचा नोकरीवरचा आक्षेप संपला. मग ती म्हणाली, "पण दादांना काय सांगायचं?"

मीच फोन केला. म्हटलं, पोरगी आता खाद्यप्रक्रियेच्या कारखान्यात लागली.

"म्हणजे लोणची-मुरंबे?" दादा.

"तसंच काहीतरी."

"मुरवतात ना?"

"मुरवतात तर."

यात खोटं काहीच नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दादा खूश झाला. आमच्या घरात मुरवण्याचं काम करणारं कुणी निघालं म्हणजे वाडीचं नाव राखलं, असं म्हणाला.

आता माझ्याबद्दल. मी बिअर पितो. दर शनिवारी संध्याकाळी, पापडी गावाच्या पुढे झाडांखाली टेबलं मांडलेलं एक हॉटेल आहे तिथे, एक बाटली. त्यामुळे मुलीच्या नव्या नोकरीने मला आतून जरा बरंच वाटलं होतं. घरात या विषयातला जाणकार मीच, असा माझा समज होता. तो एका रविवारी दुपारी उतरला.

मुलगी सुट्टीला घरी होती. मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुठली बिअर आवडते?"

"स्ट्राँग."

"ते नाव नाही, तो इशारा आहे. चव कशी असते तिची?"

मी तोंड उघडलं. बत्तीस वर्षं दर शनिवारी जी गोष्ट तोंडात घातली तिची चव सांगता येईना.

"गार," मी म्हणालो.

"गार ही चव नाही."

"कडक."

"तीही नाही, बाबा."

मग तिने परीक्षा मांडली. बायकोने सरबताचे काचेचे ग्लास द्यायला साफ नकार दिला, म्हणून स्टीलची तीन फुलपात्री आली. मला डोळे मिटायला लावले आणि एकेक घोट दिला. बाटल्या तिने मुद्दाम फ्रिजमधून आधीच काढून ठेवल्या होत्या.

पहिल्याला मी म्हणालो, "साधी आहे. स्वच्छ. उन्हातून आल्यावर बरी वाटेल."

दुसऱ्याला माझं तोंड वाकडं झालं. "काकवीत कुणीतरी खोकल्याचं औषध ओतलंय. ही परत घरात आणू नकोस."

तिसऱ्याला मी थांबलो. आणखी एक घोट मागितला. "हिला भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा वास आहे. आणि कॉफीचा. ही कुठली?"

डोळे उघडले. तिसऱ्या फुलपात्रात काळीकुट्ट बिअर होती. आणि दुसरी, खोकल्याच्या औषधाची, ती माझी होती. माझी शनिवारची. लेबल ओळखीचं होतं, झाकणसुद्धा ओळखीचं होतं.

"असं कसं होईल?" मी म्हणालो. "हॉटेलात ती अशी लागत नाही."

"हॉटेलात ती बर्फासारखी असते. इतक्या गारव्यात जीभ बधिर होते. तुम्ही आत्तापर्यंत बिअर नाही, थंडी पीत होता."

बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. "अहो, मला तरी विचारायचं!"

"तुला काय विचारायचं? तू कधी प्यायलीस?"

"मी नाही प्यायले. पण लग्न झालं तेव्हा सुरुवातीला तुम्ही घरी आणायचा ना? दर घोटाला हेच तोंड व्हायचं तुमचं. मला वाटायचं, ती तशीच प्यायची असते."

खरं कारण मला त्याच दिवशी आठवलं. डेपोत मला पहिली बढती मिळाली तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला बाहेर नेलं होतं. त्यांनी स्वतःसाठी स्ट्राँग मागवली आणि मला न विचारता माझ्यासाठीही. मी तोंड वाकडं केलं. ते म्हणाले, सवय होते. सवय झाली. आवडते का, हे त्या दिवसापासून मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला नाही.

मुलीने मग मला समजेल अशा भाषेत सगळं उलगडून सांगितलं. बिअरची दोन मोठी घराणी. एक लागर, एक एल. फरक यीस्टचा, म्हणजे ज्या सूक्ष्म जीवांमुळे ती आंबते त्यांचा. लागरचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं, त्यामुळे चव स्वच्छ, सरळ. एलचं यीस्ट उबेत भराभर काम करतं आणि काम करता करता फळांचे, मसाल्याचे वास सोडतं.

"म्हणजे एक लांब पल्ल्याची, एक गावातली," मी म्हणालो.

"चालेल. आता हे लक्षात ठेवा. रंग येतो धान्य किती भाजलं त्यावरून. कडूपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांवरून. आणि चढते किती, ते साखर किती आंबली त्यावरून. तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. ही काळी आहे ना, ती तुमच्या त्या सोनेरी स्ट्राँगपेक्षा बरीच सौम्य आहे."

मला वाटायचं काळी म्हणजे सगळ्यात जहाल. बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. पोरगी बरोबर होती.

"मग माणसाने निवडायची कशी?"

"बिअरवरून नाही, जेवणावरून. तुम्हाला खरपूस आवडतं. दुधाच्या भांड्याची खरवड तुम्ही कुणाला देत नाही. तुमची बिअर स्टाउट. ही काळी. आंबट आवडणाऱ्याची वेगळी, कडू आवडणाऱ्याची वेगळी."

"मला कारलं आवडतं," बायको दारातूनच म्हणाली आणि लगेच आत गेली. दोन मिनिटांनी बाहेर आली ती खोकल्याच्या बाटलीचं मापाचं टोपण घेऊन. "यात दे. जास्त नको. बघायला फक्त." तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही नवी बिअर आली की बायको ती टोपणाने घेते, पाच मिलीच्या रेघेपर्यंत, आणि वर पाणी पिते.

पुढच्या शनिवारी मी हॉटेलात गेलो तो ठरवून. तिथला वेटर माझ्याच वयाचा, केस काळे केलेला, कित्येक वर्षांच्या ओळखीचा. मी बसेपर्यंत त्याने बाटली आणून झाकणाला ओपनर लावलेला असतो. मी हात वर केला.

"आज स्टाउट आहे का? काळी?"

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, घरी काही झालंय का?"

"नाही रे, चव बदलावी म्हटलं."

"डॉक्टर काही बोलले?"

"नाही."

"मग ही घ्या. मन हलकं होईल." आणि फट्‌कन झाकण उघडलं. मी प्यायलो. काय करणार? पुढचे दोन शनिवार हेच झालं. त्यानंतरच्या शनिवारी मी बायकोला बरोबर नेलं. तिने वेटरला सरळ सांगितलं, "यांना ही आवडत नाही. कधीच आवडत नव्हती." वेटर खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? इथे ही कुणालाच आवडत नाही. साहेबांसाठी म्हणून मी शनिवारी एक बाटली बाजूला ठेवतो." इतकी वर्षं तो माझ्यासाठी आणि मी त्याच्यासाठी, असं चाललं होतं.

आगाशीचं प्रकरण थंडीत घडलं. दरवर्षी एका रविवारी दादाकडे उकडहंडी असते. कंद, वालपापडी, वांगी, ओला मसाला, सगळं मडक्यात घालून मंद आचेवर वाडीतच शिजवतात. दादाने मुलीला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, की तुझ्या कारखान्यातलं काय ते मुरवलेलं घेऊन ये, चाखू दे जरा.

गाडीत बसतानाच मी तिच्या मांडीवरची थंड पिशवी बघितली. "यात काय आहे?"

"काकांनी मागितलंय ते."

"अगं, मी त्याला लोणची सांगितलीयेत!"

"तुम्ही सांगितलीत, बाबा. मी नाही."

वाडीत पोहोचलो. मडकं चुलीवर चढलं होतं. दादा नुसत्या बनियनवर वालाच्या शेंगा निवडत बसला होता. मुलगी त्याच्या समोर पाटावर बसली, पिशवीतून बाटली काढली आणि म्हणाली, "काका, मी बिअर बनवते. लोणची नाही. बाबांना सांगायची लाज वाटली, मला नाही वाटत."

मी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. दादाने शेंग निवडून टोपलीत टाकली. मग दुसरी. मग म्हणाला, "त्याला लहानपणापासून असंच. परीक्षेत नापास झाला तेव्हा घरी सांगितलं, की निकाल अजून यायचाय." आणि हात पुढे केला. "आण बघू."

तिने गव्हाची बिअर आणली होती. ग्लासात ओतली. गढूळ, पिवळसर, वर पांढरा फेस. दादाने पिण्यासाठी नाही, हुंगण्यासाठी ग्लास नाकाशी धरला. एकदा हुंगला. ग्लास लांब केला. परत हुंगला.

"केळं," तो म्हणाला.

"हो! हिच्यात केळ्याचा वास येतो, काका. आणि थोडा लवंगेचा."

"कुठलं केळं घातलंय?"

"केळं नाही घातलं. गहू, बार्ली, हॉप्स, पाणी, यीस्ट."

"पोरी." दादाने ग्लास शेजारच्या पाटावर ठेवला. "साठ वर्षं या वासात काढलीत मी. सालीवर काळे ठिपके यायला लागलेलं राजेळी आहे हे. उद्या वाळत घालायला काढायचं असं."

"वास तोच आहे, पण केळं नाही. पिकताना केळ्यात जे तयार होतं, तेच हे यीस्टही तयार करतं."

"मग एसेन्स असेल. बाजारात मिळतं ते, आइस्क्रीमवाले घालतात."

"काका, एसेन्स नाही हो!"

दादा आमच्या घरच्या वाडवळी बोलीत सुरू झाला. तो वाडवळीत शिरला की रागावला असं समजायचं. मी इथे पुस्तकी करून लिहितो: "मला केळं शिकवतेस?" असं म्हणून तो उठला, पिकत घातलेल्या खोलीत गेला आणि तीन केळी घेऊन आला. एक अर्धं पिकलेलं, एक पिकलेलं, एक ठिपके पडलेलं. तिन्ही सोलून ग्लासाच्या बाजूला मांडली आणि आम्हाला एकेक करून हुंगायला लावलं. बायको, मी, मुलगी, सगळे वाकून केळं हुंगतोय, ग्लास हुंगतोय, परत केळं हुंगतोय. शेजारच्या वाडीतला माणूस कुंपणावरून बघत उभा राहिला आणि न विचारता निघून गेला.

तिसरं केळं आणि बिअर, खरंच, फरक नव्हता.

"बघ," दादा म्हणाला.

"पण घातलेलं नाही!" मुलगी जवळजवळ रडकुंडीला आली. "तुम्ही कारखान्यात चला. स्वतः बघा. एक केळं दिसलं तर मी नोकरी सोडते."

"कधी येऊ?" दादा म्हणाला.

मला वाटलं, बोलण्यावारी गेलं. पण पुढच्या आठवड्यात दादाने सकाळी फोन केला, की मी इस्त्रीचा सदरा घातलाय, तू गाडी घेऊन ये.

कारखाना ठाण्याच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात. मुलीने आम्हाला पांढऱ्या टोप्या आणि रबरी बूट दिले. दादाच्या हातात घरून आणलेली कापडी पिशवी होती, ती तो सोडेना. मालक, चाळिशीचा, दाढीवाला माणूस, स्वतः पुढे आला. मुलीने ओळख करून दिली, "हे माझे काका. आमच्या व्हीट बिअरमध्ये केळं घालतात असा यांचा आरोप आहे." मालक हसला. दादा हसला नाही.

दादाने सगळं तपासलं. धान्याची पोती उघडून मूठभर दाणे हुंगले. हॉप्सचं पाकीट हुंगून म्हणाला, "हे कडू निघणार." कोठारात मागच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. कचऱ्याच्या पिंपात डोकावून केळ्याची सालं शोधली. एक साल सापडली! दादाचा चेहरा उजळला. तेवढ्यात मालक ओशाळून म्हणाला, "ती माझी. नाश्त्याची."

मग टाक्या. उंच, चकचकीत, स्टीलच्या, प्रत्येकीवर आतल्या तापमानाचे आकडे दाखवणारा छोटा पडदा. मुलगी म्हणाली, "या पहिल्या टाकीत गव्हाची. ही बघा, काका, नळातून ताजी. आत्ता आंबतेय. केळं टाकायला इथे जागाच नाही." दादाने हुंगलं, बराच वेळ. यीस्टच्या बाटलीचंही झाकण उघडून दाखवायला लावलं. शेवटी म्हणाला, "मानलं. ते किडेच करतात." किडे हा शब्द मुलीला लागला.

दादा शेजारच्या टाकीपाशी गेला. "आणि हीसुद्धा गव्हाची?"

"नाही, ही पेल एल. कडवट असते, आईला आवडते ती. हिचं यीस्ट वेगळं. हिला संत्र्यासारखा वास येतो."

तिने थोडी ग्लासात काढली. दादाने नाकाशी धरली आणि म्हणाला, "केळं."

"नाही काका, तुमच्या नाकात अजून आधीचा वास आहे."

"माझ्या नाकात काय आहे ते मला माहीत आहे. ही पण केळं आहे. तितकी पिकलेली नाही. दोन दिवस आधीची."

मुलीने हुंगलं. "मला नाही येत."

"तू दिवसभर इथेच असतेस. मला सुकेळ्यांच्या दिवसांत घरी बायकोने जाळलेला भातही कळत नाही. बाहेर जा, मोकळ्या हवेत उभी राहा, मग ये."

ती गेली. दहा मिनिटांनी परत आली, ग्लास नाकाशी धरला, आणि तिचा चेहरा उतरला. ती कपाटाकडे गेली, सुटं थर्मामीटर घेऊन आली, टाकीतून बिअर काढून त्यात बुडवलं. पडद्यावर एक आकडा होता, थर्मामीटरवर दुसरा. बऱ्याच अंशांनी जास्त. टाकीचा सेन्सर बिघडला होता. आत उकडत होतं आणि बाहेर सगळं ठीक दिसत होतं. उकाड्यात त्या यीस्टने नको तो वास सोडायला सुरुवात केली होती.

मालकाने ग्लास घेतला, हुंगला, आणि त्याचं हसू गेलं.

"लेबलवर एक लिहायचं आणि आत दुसरंच, असं नाही चालणार," तो म्हणाला. "ओतून द्यावी लागेल."

मुलगी म्हणाली, "मी रोज पडदा बघत होते. थर्मामीटर लावायला हवं होतं. माझं चुकलं."

"हो," मालक म्हणाला. रागाने नाही, पण हो म्हणाला.

दादा तर पार खजील झाला. "मी उगाच नाक खुपसलं," तो माझ्या कानात म्हणाला, आणि हे बोलताना त्याला हसू आलं नाही, म्हणून मीही हसलो नाही. त्यांनी टाकीचा खालचा नळ उघडला. बिअर फरशीवरच्या मोरीतून फेसाळत जायला लागली. सगळ्या गाळ्यात तोच वास भरला, आणि आता तो मलाही स्पष्ट येत होता. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते रबरी हातमोज्यांनीच पुसलं, मग मोज्यांना लागलेल्या साबणाने डोळे झोंबले म्हणून आणखी आलं.

दादा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. मोरीकडे बघत म्हणाला, "मागच्या वर्षी अवेळी पाऊस आला ना, तेव्हा अंगणभर सुकेळी वाळत होती. पाच दिवसांची. सगळी काळी पडली. मी आणि तुझ्या काकूने टोपल्या भरभरून खड्ड्यात टाकली. त्या दिवशी मी जेवलो नाही."

"मग?"

"मग काय? ऊन पडलं. दुसरे लोंगर होते."

ती नाक ओढत म्हणाली, "तुमचा तर पाऊस होता, काका. इथे मीच बघितलं नाही."

"मी पण आभाळ बघितलं नव्हतं," दादा म्हणाला. "क्रिकेट बघत होतो."

मग त्याने ती कापडी पिशवी उघडली. आत वाळक्या केळीच्या पानात बांधलेली सुकेळी होती. खरं तर तो ती पुरावा म्हणून घेऊन आला होता, वासाला वास लावून दाखवायला. आम्ही चौघांनी, मालकासकट, टाकी रिकामी होईपर्यंत ती उभ्या उभ्या खाल्ली. मालकाने दोन खाल्ली आणि विचारलं, ही कुठे मिळतात? दादाने त्याला ती करणारी घरं कशी कमी होत चालली आहेत ते सविस्तर सांगितलं. तो बिचारा शेवटपर्यंत ऐकत राहिला.

नोकरी टिकली. सेन्सर बदलला. मुलगी आता रोज स्वतः थर्मामीटर बुडवते आणि हुंगायच्या आधी बाहेर जाऊन उभी राहते. दादाला मालकाने सांगून ठेवलंय, की महिन्यातून एकदा या. दादा जातो. इस्त्रीचा सदरा घालून, सकाळी काही न खाता, कारण खाल्लं की नाक जड होतं म्हणतो. सगळ्या टाक्या हुंगतो, एकही पीत नाही. फक्त गव्हाची बिअर मात्र आता अर्धा ग्लास घेतो, तीही घरी, जेवणाआधी, आणि दर वेळी शेजारच्याला सांगतो, की हिच्यात केळं घातलेलं नाही बरं का. आमच्या नातेवाइकांत पोरगी काय करते ते त्यानेच सांगत फिरून सगळ्यांना कळवलं.

गेल्या महिन्यात मुलीने स्वतःच्या कल्पनेची पहिली बिअर केली. कोकम घातलेली, आंबट, गुलाबी रंगाची. पहिली बाटली घरी आणली. आम्ही तिघं आणि दादा असे टेबलाभोवती बसलो. आता काचेचे ग्लास निघतात. दादाने हुंगून मान हलवली, म्हणाला, कोकम चांगलं आहे, यंदाचं आहे. बायकोने टोपण भरून घेतलं, मग आणखी एक टोपण घेतलं, आणि म्हणाली की कारल्याइतकी नाही, पण बरी आहे.

मग मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी घोट घेतला. तोंडात फिरवला. तिने महिनाभर या बिअरवर काम केलं होतं, हे मला ठाऊक होतं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर तिचं स्वतःचं अक्षर होतं. जुना मी असतो तर छान म्हणून बाटली संपवली असती आणि पुढची काही वर्षं तीच प्यायलो असतो.

"चांगली झाली असेल," मी म्हणालो, "पण मला नाही आवडली. आंबट मला चालत नाही."

बायकोने टेबलाखालून मला पायाने ढोसलं. मुलीने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"कुठे नाही आवडली, बाबा? पहिल्या घोटाला, की गिळल्यावर?"

मी आणखी एक घोट घेतला आणि नीट विचार करून सांगायला लागलो.